इस्तारी ढीवराचं आवडतं पाणी

आमच्या खैरबोडीएवढं पाणी अख्ख्या झाडीमुलखात दुसऱ्या कुठल्या गावाला नाही. तलाव-बोड्या म्हणाल तर चार, शिवाय भुलई नदी, ती गावाच्या कमरेत हात घातल्यासारखी वळसा घालून जाते. पाहुणा आला की आम्ही त्याला आधी पाणी दाखवतो, मग पाजतो. आता उन्हाळ्यात चारातल्या दोन तलावांत म्हशी चरतात आणि नदी ओलांडताना चप्पलसुद्धा भिजत नाही, ते सोडा. पाहुण्याला आम्ही उन्हाळ्यात बोलावतच नाही.

तर या पाण्याची ही गोष्ट. लहानांनी पुढं बसावं. म्हाताऱ्यांनी मागं बसावं, म्हणजे डुलकी लागली तरी अब्रू झाकली राहील.

फार वर्षांपूर्वी, आपल्या पाटलांच्या डोक्यावर केस होते त्याच्याही कितीतरी आधी, खैरबोडीच्या ढीवरपुऱ्यात इस्तारी नावाचा माणूस राहत असे. ढीवर म्हणजे मासे धरणारे, हे इथं कोणाला सांगायला नको. पण मागं सुनांच्या माहेरची मंडळी बसली आहेत, त्यांच्याकरता सांगितलं. इस्तारीनं जाळं फेकलं की ते पाण्यावर चांदण्यासारखं पसरे. त्यात मरळ यायची ती मांडीएवढी, काळीभोर, सापाच्या तोंडाची. बाजारात तिनं शेपटी आपटली की पलीकडच्या दुकानातला मिठाईवाला दचकून तराजू सोडून देई. असं म्हणतात.

पण इस्तारीची करामत जाळ्यात नव्हती. ती त्याच्या पायांत होती. कुठल्याही पाण्यात तो अनवाणी उतरे, डोळे मिटून उभा राही, आणि तळव्यांना जे कळे ते त्याला डोक्यात कळे. कोणतं पाणी कधी धरावं, कोणतं सोडावं, हे त्याच्याइतकं कोणाला उमगत नसे. तो म्हणे, मामा तलाव म्हणजे सासू, वरून थंड आणि आतून तापलेली. घोडबोडी म्हणजे नवा जावई, पावसाळ्यात मिरवतो आणि कामाच्या वेळी दिसत नाही. नदी म्हणजे माहेरवाशीण, भरभरून देते पण थांबत नाही. राणीबोडी म्हणजे नटवी, अंगभर कमळं आणि घरात पीठ नाही. उरली ती भुताई बोडी. गावाबाहेरची, शेवाळलेली, अंघोळ करून निघालं तर पुन्हा अंघोळ करावी लागेल अशी. तिच्याबद्दल मात्र इस्तारी चांगलं बोलत नसे, वाईट बोलत नसे. ऐकणारे शहाणे असते तर तिथंच समजले असते. पण शहाणे आमच्या गावात तेव्हाही कमीच होते.

आता ढीवरांची एक रीत ऐका. मासा किती मोठा होता, यात खोटं बोललं तर पाप लागतं. शिळ्या माशाला ताजा म्हटलं तर महापाप. पण मासा कोणत्या पाण्यात मिळाला, हे खोटं सांगितलं तर पाप लागत नाही. खरं सांगेल तो खुळा. कारण आवडतं पाणी आज तोंडातून निघालं की उद्या सगळा ढीवरपुरा त्यात उतरतो, आणि परवा त्या पाण्यात नुसतं पाणी उरतं.

"का गा इस्तारी, आज कोणतं पाणी?" वाटेत कोणी विचारी.

"मामा तलाव, गा. जांभळीखाली."

विचारणारा मान हलवी, आणि मामा तलावाकडं पाठ करून नीट नदीवर जाई. जो जे सांगे, त्याच्या उलट जायचं, हे तिथं पाळण्यातल्या पोराला कळे. इस्तारीला याचा भारी आनंद. एकदा परगावचा एक जावई त्याच्या शब्दावर विसंबून म्हशींच्या डबक्यात दिवसभर गळ टाकून बसला. संध्याकाळी गळाला काहीतरी जड लागलं, त्यानं जोर करून ओढलं, आणि म्हैस त्याला घेऊन घरी गेली. त्या जावयाचे नातू आज इथं बसले आहेत, म्हणून नाव घेत नाही. त्यांनी खाली बघायचं कारण नाही.

इस्तारीची बायको कौतिका. मासे विकायला तीच बसे. कधीमधी ती विचारी, "अवो, साऱ्या गावाले फसवा. मले तं खरं सांगा, कोणतं पाणी आवडते तुमाले?"

"तुले सांगितलं म्हंजे बाजाराले सांगितलं," इस्तारी म्हणे. कौतिका हसून टोपली उचले. तेव्हा हसणं स्वस्त होतं.

मग ते साल आलं. पाऊस आलाच नाही. पुढच्या साली आला तो वाट चुकल्यासारखा, चार शिंतोडे टाकून निघून गेला. आधी नदीची वाळू झाली. मग घोडबोडी गेली. मामा तलावाची जमीन अशी फाटली की भेगेत हात घातला तर कोपर दिसत नसे. मरळ चिवट जात, चिखल वाळला तरी आत दम धरून पडून राहते. लोकांनी कुदळीनं खणून तिला बाहेर काढलं आणि खाल्लं. पोट माणसाला काय काय खणायला लावतं. तेही संपलं. शेवटी ढीवरपुऱ्यात काही हंड्या उरल्या, आणि त्या हंड्यांत ओल्या फडक्याखाली शेवटच्या जित्या मरळी. नर आणि मादी, अशा जोड्या. त्यांना कोणी हात लावीना. पोरं भुकेनं रडत होती तरी लावीना.

डोमा बुडगा, म्हणजे म्हातारा डोमा, हा पुऱ्याचा म्होरक्या. तो म्हणाला, "हे बी हाय. बी गेलं तं उद्या पाऊस येऊनही काय कराचं? पाण्याकडं पाहत बसाचं?"

पाणी दोनच ठिकाणी उरलं होतं. राणीबोडीत आणि भुताईत. मासे वाटून दोन्हीकडं सोडावेत, तर बगळ्या-घारींपासून राखायला माणसं कुठं होती? उपाशी माणसं एकाच तलावाच्या पाळीवर, बांधावर, कशीबशी बसू शकत होती. म्हणजे पाणी एकच निवडायचं होतं, आणि निवडणारा एकच होता.

इस्तारीनं दोन्ही पाण्यांत पाय घातले. राणीबोडी रुंद होती, चकचकत होती, कमळं अजून उभी होती. पण खाली सगळा मुरूम, चुलीवरचा तवा जसा. भुताईच्या चिखलाखाली मात्र त्याच्या तळव्याला गार लागलं. तिथं झरा होता. तो त्याला लहानपणापासून ठाऊक होता. हेच त्याचं आवडतं पाणी. जन्मात त्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

भर दुपारी सगळा पुरा त्याच्या दारात जमला. डोमा म्हणाला, "इस्तारी, आज हसू नको बापा. कोणतं पाणी राहीन?"

इस्तारीनं समोरच्या तोंडांकडं पाहिलं. ही माणसं जन्मभर आपल्या शब्दाच्या उलट चाललेली. भुताई म्हणावं, तर ही राणीबोडीवर जातील आणि बी मरेल. बी वाचवायचं तर एकच वाट आहे, त्यानं मनाशी म्हटलं. आणि तो सरळ तोंडानं बोलला, "राणीबोडी."

"खरं?" कौतिकेनं विचारलं.

"खरं," इस्तारी म्हणाला. कौतिकेलाही.

गावाबाहेर मोहाच्या झाडाशी वाट फुटते. डावीकडं भुताई, उजवीकडं राणीबोडी. इस्तारी आधीच जाऊन त्या मोहाखाली बसला. हंड्या घेऊन बाया निघाल्या. सगळ्यांत पुढं कौतिका. हंड्यांतलं पाणी डुचमळत होतं. इस्तारीनं दुपट्ट्याचं टोक तोंडात धरलं, हसू फुटू नये म्हणून. आता डावीकडं वळतील, आता वळतील.

कौतिका उजवीकडं वळली.

इस्तारीला वाटलं, बायको आपलीच, आपल्याच वळणावर गेली, थट्टा करते आहे. जातील चार पावलं आणि फिरतील. पण दुसरी वळली, तिसरी वळली, डोमा काठी टेकत त्यांच्यामागं वळला, आणि राणीबोडीच्या पाळीआड कौतिकेचं निळं लुगडं दिसेनासं झालं. तेव्हा त्याला कळलं. माणसाला उलटा विचार करायला अंगात बळ लागतं, आणि उपाशी माणसांजवळ ते उरलं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदाच त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

पाण्याचा तळ त्याला कळत असे. माणसाचा कळला नाही. असं म्हणतात.

तो धावला. "परता! हे नाही, भुताई! भुताईत सोडा!"

हंड्या रिकाम्या होत होत्या. डोमानं वळून पाहिलं, आणि कित्येक महिन्यांत तो बुडगा पहिल्यांदा हसला. "आयका! आता भुताई म्हणते! म्हंजे राणीबोडीच खरी, बापा!"

सगळे हसले. हसता हसता बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. इस्तारी भुताई म्हणतोय, म्हणजे बी वाचलं! त्यानं बापाची शपथ घेतली, ते आणखी हसले. त्यानं जाळ्याची शपथ घेतली, तेव्हा तर उरलीसुरली शंकाही गेली. तो मासे काढायला पाण्यात उतरू लागला, तसं चौघांनी त्याला धरून पाळीवर आणलं आणि तिथं काठ्या घेऊन पहारा बसवला, बगळ्यांवर आणि इस्तारीवर.

तो कौतिकेकडं वळला. "तू तं मान वं माहं."

कौतिका हातातल्या रिकाम्या हंडीकडं पाहत राहिली.

राणीबोडी तापली. आधी कमळांची पानं करपली. मग मरळी वर येऊन हवेला तोंड लावू लागल्या. काही तर पाळीकडं सरपटत निघाल्या, जणू त्यांनाही भुताईची वाट ठाऊक होती. एका सकाळी पहारेकऱ्यांनी पाहिलं तर सगळ्या पांढऱ्या पोटानं पडल्या होत्या आणि घारी उतरत होत्या. कोणी घार हाकलली नाही. राखायचं काय उरलं होतं?

इस्तारीला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पुऱ्यानं बोचकी बांधली आणि वैनगंगेकडं चालायला लागला. कौतिका त्यांच्यातच होती, डोक्यावर हंडी उपडी घातलेली. इस्तारी मोहापर्यंत मागं आला आणि थांबला. त्याच्याजवळ सांगायला खूप होतं, पण ते ऐकणार कोण, आणि ऐकलं तर मानणार कोण?

तो एकटा मागं राहिला. भुताई बोटभरसुद्धा आटली नाही. जन्मभर लपवलेलं आवडतं पाणी समोर भरलेलं, गार, आणि आत एक मासा नाही. तो रोज त्यात उभा राही. असं म्हणतात, आयुष्यात ज्याला ज्याला खोटं सांगितलं, त्याचं नाव घेऊन तो त्या पाण्याला खरं सांगत असे. नावं इतकी होती, की त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या, उन्हाळा संपला, तरी नावं संपेनात.

मग पाऊस आला. आला तो असा आला, की चारही तलाव एकमेकांना भेटले. पण कुठं एक बुडबुडा फुटला नाही. एवढं पाणी, आणि सगळं मुकं. इस्तारी जाळं बाभळीवर टाकून भुताईत उतरला. पाणी गुडघ्याला आलं, छातीला आलं, आणि ओठांना लागलं तेव्हासुद्धा तो बोलतच होता, असं म्हणतात. मग नुसती वलयं उरली.

पुढच्या पावसाळ्यात गुराख्यांनी भुताईत लाल पिल्लांचा लोंढा पाहिला, शेंदूर सांडल्यासारखा. त्याच्याखाली एक म्हातारी मरळ फिरत होती. तिच्या भुवया पांढऱ्या होत्या. आता माशाला भुवया कुठून, असं मास्तर विचारतील. मास्तरांनी शाळेत विचारावं. ती मरळ पिल्लांना सोडून हलत नसे, बगळा उतरला की अंगावर झेप घेई. त्या पिल्लांचे मासे झाले, आणि आज आमच्या चारही तलावांत जे काही आहे ते त्यांचं आहे.

मासे परत आले. माणसं मात्र आली नाहीत. फार उशिरा काहींची नातवंडं आली, त्यांनी पडकी घरं उभी केली. कौतिका आली नाही. वैनगंगेच्या घाटावर ती दुसऱ्यांचे मासे विकत असे, आणि कोणी विचारलं, मावशे, कोणत्या पाण्याचे, तर टोपली झाकून घेई. असं म्हणतात.

म्हणून खैरबोडीत आजही भुताईत कोणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही. आणि दर अखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उन्हं पार टाळूवर आली की, सगळा गाव तिच्या पाळीवर जमतो. पुऱ्यातला सगळ्यांत म्हातारा ढीवर गुडघाभर पाण्यात उभा राहतो. त्या दिवसापुरता तो इस्तारी. पाळीवर एक म्हातारी उपडी हंडी घेऊन उभी राहते, ती कौतिका. खऱ्या कौतिकेनं तेव्हा तोंड उघडलं नव्हतं. तिचे शब्द गावानं मागाहून तिला दिले. ते बोलून झाले की पाण्यातल्यानं उत्तर द्यायचं नाही, पाळीवरच्यांनी हसायचं नाही, आणि सगळ्यांनी मागं न बघता घरी जायचं, अशी रीत आहे.

म्हातारा दोन्ही हात वर करतो आणि ओरडतो, "भुताई वं! माहं आवडतं पाणी भुताईच होतं!"

आणि पाळीवरून ती म्हातारी म्हणते, "मंग तवा माह्या कानात काहून नाही सांगितलं? तोंडात मरळ धरून बसले होते का?"