खड्ड्यातलं हत्तीचं पिल्लू

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा पोथ्या हाताने लिहीत, आणि ज्या गावात एक पोथी असे त्या गावालाही लोक भाग्यवान म्हणत.

डोंगराच्या पायथ्याशी असंच एक भाग्यवान गाव होतं. त्याची पोथी सुट्या पानांची होती, लाल बासनात बांधलेली. तिच्यात एका हत्तीच्या पिल्लाची गोष्ट होती. गावातलं प्रत्येक मूल त्याच पोथीवर वाचायला शिके, देवीच्या देवळामागे, चिंचेच्या सावलीत.

तिथले गुरुजी म्हातारे होते. आवाज मऊ, चाल सावकाश. मुलावर त्यांनी कधी हात उगारला नाही. पण एक नियम ते काटेकोर पाळत. वाचताना जो अडखळेल त्याने थांबायचं, पोथीला हात जोडायचे आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायचं. तुटकं वाचन देवीला चालत नाही, असं गाव मानत आलं होतं. दुसरी एक रीत होती. पोथीतली गोष्ट कुणी कुणाला तोंडी सांगायची नाही. ज्याला हवी त्याने ती वाचून मिळवायची.

नियम कुणी वाईट मनाने केलेला नव्हता, बाळांनो. पुष्कळ मुलं थोडे दिवस मागे येत, मग पुढे सरकत, आणि एक दिवस शेवटच्या पानाला पोचत. गुरुजीही असेच पोचले होते. म्हणून त्यांना वाटे, सगळेच असे पोचत असतील. जे पोचत नाहीत ते मन लावत नसतील.

त्या शाळेत टोपल्या विणणाऱ्या बुरुडाची एक मुलगी येई. बोलायला चुणचुणीत. जात्यावरची गाणी एकदा ऐकली की तिला पाठ. पण पोथी समोर आली की तिचा चेहरा उतरे. इतरांना अक्षरं पानावर बसलेली दिसत. तिला ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत, हलती, एकमेकींच्या अंगावर चढणारी. एका ओळीतला शब्द खालच्या ओळीत जाऊन बसे. ती अडखळे.

"पहिल्यापासून!" मुलं एका सुरात ओरडत.

ती हात जोडी आणि पहिल्यापासून सुरू करी. पुन्हा अडखळे. पुन्हा सगळे ओरडत. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी येई, आणि गुरुजी म्हणत, "असू दे. उद्या मन लावून वाच हं."

जत्रा जवळ आली. दरवर्षी जत्रेत मोठी झालेली मुलं देवीपुढे पोथी वाचून दाखवत. जो शेवटपर्यंत वाचे त्याची शाळा चालू राही. ज्याला जमत नसे तो आपली अक्षरं गिरवायची धूळपाटी देवळाच्या माळ्यावर ठेवून देई आणि घरच्या धंद्याला लागे. यंदा बुरुडाच्या मुलीची पाळी होती.

गुरुजींना चैन पडेना. ते तिच्या घरी गेले. बुरूड अंगणात बांबू सोलत होता. तो लगबगीने उठला.

"या गुरुजी, बसा. तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हाचे? मीच सांगणार होतो, पोरीची पाटी ठेवून टाकू माळ्यावर. माझीही तिथंच आहे. सोबत होईल तिला!"

तो हसला, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

मुलगी पलीकडे टोपली विणत होती. तिची बोटं भराभर चालली होती. मधेच एक कांब चुकली. तिने जीभ चावली, चुकलेला वेढा उलगडला, कांब नीट घातली आणि पुढे विणू लागली.

गुरुजी बघत राहिले. "का गं, चुकलीस ना? मग पहिल्यापासून नाही उसवायची?"

मुलगी खुदकन हसली. "अहो गुरुजी, मग टोपली व्हायची कधी? सगळी टोपली थोडीच चुकलीय! चुकला तेवढाच वेढा काढायचा."

गुरुजी तिच्या टोपलीजवळ टेकले. त्यांनी हळूच विचारलं, "बाळ, तू शाळेत रडतेस. मुलं ओरडतात म्हणून ना?"

"नाही."

"मग?"

मुलीने मान खाली घातली. "ते पिल्लू, गुरुजी. पहिल्या पानावरच खड्ड्यात पडतं. मी रोज वाचते आणि ते रोज पडतं. बाकीच्यांचं कधीच निघालं असेल वर. माझं अजून तिथंच आहे."

गुरुजींना आपली चूक उमगली. या मुलीने मन लावलं नाही, असं आपण समजत होतो. आणि तिचं सगळं मन तर त्या खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसलं होतं.

शाळेत परतून त्यांनी बासन सोडलं. पोथीचं पहिलं पान त्यांनी आयुष्यभर हाताळलं होतं, पण आज ते पहिल्यांदा नीट पाहिलं. कडा झिजलेल्या, बोटांच्या घामाने काळ्या पडलेल्या, जागोजागी अश्रूंच्या ओघळांचे डाग. पुढची पानं मात्र त्या मानाने नवी वाटत होती. इतकी मुलं या एका पानावर येऊन परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मुलीला थांबवलं. पहिलं पान बाजूला ठेवलं आणि दुसरं तिच्यापुढे केलं.

"हे वाच."

ती दचकली. "पण गुरुजी, पहिलं पूर्ण कुठं झालंय?"

"ते तुझ्याइतकं या गावात कुणी वाचलेलं नाही. हं, कर सुरू."

अक्षरं पुन्हा हलू लागली. गुरुजींनी आपल्या दोन्ही तळहातांनी बाकीचं पान झाकलं आणि मधे एकच शब्द उघडा ठेवला. एकट्या पडलेल्या शब्दाला पळायला जागा उरली नाही. मुलीने तो सावकाश वाचला. मग पुढचा.

"अशानं तुमचे हात भरून येतील, गुरुजी," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी येताना तिने बांबूची एक पातळ पट्टी आणली. पट्टीत मधोमध शब्दापुरती खिडकी कोरलेली होती. ती पानावर ठेवायची आणि सरकवत न्यायची. अडखळली तर गुरुजी म्हणत, "तेवढाच वेढा काढ," आणि ती तोच एक शब्द पुन्हा वाची. कधी तो बोटाने धुळीत गिरवी, मग पुन्हा पानाकडे वळे.

असं वाचता वाचता पिल्लाची आई खड्ड्याच्या काठाशी आली. तिने सोंड खाली सोडली. सोंड पोचेना. मुलीने श्वास रोखला. "मग?"

"मला काय विचारतेस? खिडकी पुढे सरकव."

तिने ती सरकवली. मग पुढे कुणी न सांगता सरकवत राहिली. पूर्वी पोथी बांधली की तिला सुटल्यासारखं वाटे. आता गुरुजी बासन बांधू लागले की ती म्हणे, "एवढी ओळ, गुरुजी. एवढी एकच."

पण वाचन सावकाश होतं आणि दिवस थोडे होते. जत्रा उजाडली तेव्हा शेवटची पानं वाचायची राहूनच गेली होती. त्या दिवशीही पिल्लू खड्ड्यातच होतं.

देवळापुढे गाव जमलं. पाटील पुढे बसले. इतर मुलांनी शाळेत आणि दरवर्षी वाचत तसंच घडाघडा वाचलं, इतकं भराभर की पोथीत काय आहे ते कुणाच्या कानात शिरलं नाही. मग बुरुडाची मुलगी उठली. तिच्या हातात ती पट्टी पाहून एक-दोघं फिदीफिदी हसली.

"वाचायला आली का सूप विणायला?"

तिने पट्टी पानावर ठेवली आणि वाचू लागली. शब्दामागून शब्द, जसा कुणी ओल्या बांधावरून जपून चालतो. इतकं सावकाश वाचन त्या देवळापुढे कधी झालं नव्हतं. पिल्लू पडलं. आई आली. सोंड पोचेना. सगळा कळप गोळा झाला. आणि नेमकी तिथे ती अडखळली.

"पहिल्यापासून!" गाव एका आवाजात ओरडलं.

मुलीचे हात सवयीने जोडले गेले. ती पहिलं पान शोधू लागली.

गुरुजी उठून उभे राहिले. "नको, बाळ. चुकला तेवढाच वेढा काढ आणि पुढे जा."

पाटलांनी हात वर केला. "गुरुजी, हा नियम तुमच्या गुरूंचा आहे. तो तुम्हीच मोडणार?"

"होय, पाटील. चूक माझी आहे, मुलीची नाही. देवीला राग यायचा असेल तर माझ्यावर येऊ दे."

तेवढ्यात मागून एक म्हातारा मेंढपाळ काठी टेकत पुढे आला. त्याने मुलीपुढे हात जोडले.

"पोरी, थांबू नकोस गं. मी तुझ्याएवढा होतो तेव्हापासून ते पिल्लू खड्ड्यात आहे. मेंढरू कुठं अडकलं की मला त्याचीच आठवण येते. निघालं का गं ते?"

त्याच्यामागे आणखी एक उठला. मग एक आजीबाई. मग बुरूड. अर्ध्या गावाला पुढची गोष्ट ठाऊकच नव्हती, आणि लाजेने कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

पाटलांचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वाच, पोरी. मलाही ऐकायचंय."

मुलीने खिडकी पुन्हा त्या शब्दावर ठेवली. तो वाचला. आणि पुढे गेली.

पोथीत लिहिलं होतं, की कळपाने पिल्लाला ओढून काढलं नाही. ओढलं असतं तर त्याचे पाय मोडले असते. हत्तींनी काठावरची माती थोडी थोडी खड्ड्यात ढकलली. पिल्लू त्या मातीवर चढून उभं राहिलं. मग आणखी माती, आणखी पालापाचोळा. तळ वर येत गेला, पिल्लू वर येत गेलं. आई काठावरून एकसारखी हाक देत राहिली. आणि शेवटी पिल्लाने आपल्याच पायांनी वर पाऊल टाकलं.

"निघालं!" मुलगी ओरडली. हा शब्द पोथीतला नव्हता.

मेंढपाळाने डोळ्यांना मुंडाशाचं टोक लावलं. गुरुजी तर खालीच बसले. ही गोष्ट त्यांनी जन्मभर शिकवली होती, आणि ती त्यांना आज ऐकू आली होती.

त्या दिवशी कुणाचीच पाटी माळ्यावर गेली नाही. उलट जुन्या पाट्या खाली आल्या. धूळ झटकताना बुरुडाने आपली ओळखली आणि पोरासारखा लाजला. चिंचेखाली आता मुलांच्या शेजारी पिकल्या केसांची माणसंही बसू लागली. मुलगी सगळ्यांना बांबूच्या पट्ट्या कोरून देई. कुणी अडखळलं तर शाळा ओरडत नसे, वाट बघे. काही वर्षांनी पोथीची सगळी पानं सारखीच झिजली, तेव्हा मुलीने त्यांची नवी नक्कल केली. सावकाश, एकेक शब्द करून.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो अडखळतो त्याला पुन्हा खाली ढकलू नये आणि ओढूही नये, त्याच्या पायाखाली मायेने थोडी थोडी माती घालावी, तो आपल्या पायांनी वर येतो.