एका माणसापेक्षा कमी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं.

"आता तरी पटलं का, भंते?" निनाद म्हणाला.

आमच्या वृद्धाश्रमाच्या ओसरीवर त्यानं खडूनं तीन चौकोन काढले होते. एकात निरोगी, दुसऱ्यात आजारी, तिसऱ्यात बरे. लहानपणी तो भंतेंच्याच हाताखाली शिकला. आता नागपुरात मोठं गणित शिकतो. टीबी एका घरात कसा पसरतो, गोळ्यांनी कसा आटोक्यात येतो, याचं गणित करून तो दाखवायला आला होता.

आश्रम सांभाळणारे भंते चौकोनांकडे पाहत बसले होते.

"अठ्ठेचाळीस म्हातारी माणसं," निनाद म्हणाला. "खोकणारी चार. चौघांना मागच्या खोलीत ठेवा, सहा महिने गोळ्या चुकवू नका. वर्षभरात नवीन आजारी किती? शून्य पॉइंट तीन!"

मी आश्रमाची स्वयंपाकीण. तिथंच तांदूळ निवडत होते. माझी आठ महिन्यांची यशू मांडीवर.

मला राहवलं नाही. "दादा, पॉइंट तीन म्हणजे किती हो?"

"एका माणसापेक्षा कमी, ताई. भ्यायचं काम नाही."

"माणसापेक्षा कमी म्हणजे... लेकरू का?"

निनाद खो खो हसला. "वा ताई! आमच्या सरांनाही सुचलं नसतं."

भंते हसले नाहीत.

"ही पोर कोणत्या चौकोनात आहे?"

"ती यादीत कुठं आहे, भंते? ती काही आश्रमात राहत नाही."

मग मला सांगावंच लागलं. तीन महिने, मी चुलीपाशी असले की यशू आश्रमातल्या पंचफुला आजीजवळ निजायची. धुरात कुठं ठेवणार? आजी तिला छातीशी धरून गाणं म्हणायची, मधेच खोकायची. काल आजीच्या थुंकीचा रिपोर्ट आला. टीबीच निघाला. आणि पोरीचं वजन दोन महिन्यांपासून हललंच नाही...

निनाद खडू झटकत म्हणाला, "एका लेकरानं उत्तर फारसं बदलत नाही, ताई."

"नाही बदलत?" भंतेंनी विचारलं.

"नाही."

यशू खोकली. बारीक, कोरडं.

"मग घे तिला कडेवर," भंते त्याला म्हणाले. " तिची आई चप्पल घालेपर्यंत. दवाखान्यात नेऊ."

भंते स्वतः घेऊ शकत नव्हते. बाईच्या जातीला, मग ती तान्ही का असेना, हात लावायचा नाही असा त्यांचा नियम.

मी यशूला पुढं केलं. तिनं दोन्ही हात पसरले.

निनाद पुढं झाला. त्याचे हात अर्ध्यात थांबले... मग एक हात खिशात गेला, मास्क शोधायला.

मी पोर परत छातीशी घेतली.



"भंते, मी... मला तसं नव्हतं..."

भंतेंनी अंगावरचं चीवर सावरलं आणि उठले. "चाल माय, मी येतो संगं."

पायरी उतरताना ते थांबले. निनादकडे न पाहताच म्हणाले,

"भेटेल त्याला सांग बेटा. आकडा नको सांगू. लेकराला घेताना हात थांबला, तेवढं सांग."