उंचपूरचा लखलखाट

एका घाटमाथ्यावर उंचपूर नावाचं शहर होतं, आणि घाटाच्या उतारावर एकाखाली एक अशी आणखी चार. एकट्याला वीज परवडेना, म्हणून पाचांनी मिळून धबधब्यापाशी वीजघर बांधलं. तिथली सगळी वीज आधी उंचपुरात यायची आणि तिथून खाली वाटली जायची. रोज दिवेलागणीला उंचपूर आपले दिवे क्षणभर मालवून पुन्हा लावी. मग खालची शहरं ओळीने तसंच करीत. ‘आम्ही आहोत’ एवढाच त्याचा अर्थ.

उंचपूरचे नगराध्यक्ष अंबरराव यांना यंदा जत्रेत आपलं शहर झगझगीत दिसायला हवं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते दुसऱ्यांनी मोजायचं होतं.

"आजच्या संध्याकाळपुरती खालची लाइन तोडा," जत्रेच्या दिवशी ते वायरमनला म्हणाले. "अंधारात बसले तर काय मरणार आहेत?"

खालची चारही शहरं विझली. रोजची खूण न करताच उंचपूर लखलखलं. अंबररावांची नात मैना उंच पाळण्यातून हात हलवत होती.

पण उजेड वाढायचा थांबेना. पाचांच्या ओझ्याने चालणारं वीजघराचं चक्र चौघांचं ओझं उतरताच पिसाटलं होतं. दिवे पांढरे पडले, मग निळसर. सावल्या डांबरासारख्या काळ्या झाल्या. झाडांवर टेकलेले कावळे पहाट समजून ओरडू लागले. मग वेशीपासून एकेक दिवा फुटत अंबररावांच्या दिशेने येऊ लागला. त्यांच्या डोक्यावरचा शेवटचा फुटला आणि मिट्ट काळोख झाला.

पाळणा वरच अडकला होता. "आजोबा!" मैनेची हाक आली आणि मध्येच तुटली. अंबरराव अंधारात चाचपडत पाळण्याकडे धावले.

तेवढ्यात घाटातून उजेडाचे ठिपके वर चढू लागले. ना बोलणं, ना हाक.

"वेताळाची पालखी!" कुणीतरी पुटपुटलं.

ती खालच्या शहरांतली माणसं होती. कंदील, दोर, शिड्या घेऊन, चढाने धापा टाकत आलेली. त्यांनी हातांनी ओढून पाळणा खाली आणला.

"तुम्ही कसे आलात?" अंबररावांनी चाचरत विचारलं.

एक म्हातारी म्हणाली, "आज तुमच्या दिव्यांची खूण आली नाही, अन् आमचेही गेले. वर उजेड भलताच भडकलेला दिसला. म्हटलं, वरच्यांवर काहीतरी बाका प्रसंग आलाय. नाहीतर आमची वीज कशाला जाईल?"

अंबररावांची मान वर होईना. त्यांनी आपली करणी सगळ्यांसमोर सांगितली. म्हातारीने आपला कंदील मैनेच्या हातात दिला.

वीज परतली त्या संध्याकाळी अंबररावांनी स्वतः दिवे मालवले, पुन्हा लावले, आणि सगळ्यांत खालचं शहर लुकलुकेपर्यंत हात जोडून उभे राहिले.

तात्पर्य: वाटून घेतलेला उजेड घर उजळतो, दुसऱ्याच्या वाट्याचा ओढून घेतला, तर तो आपलेच दिवे फोडतो.