अमावस्येचा मेळावा

एकदा एका तरुण सूतव्यापाऱ्याने विणकरांचा मेळावा भरवायचे ठरवले. दक्षिणेकडून त्याने नव्या तऱ्हेचे बारीक, मऊ सूत आणले होते. लग्नसराईच्या साड्यांसाठी माग सजण्याआधी विणकरांनी ते उचलले, तर दुकान उभे राहणार होते. न उचलले, तर दुकानाला कुलूप लावून सासऱ्यांच्या पेढीवर जाऊन बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. ही दुसरी शक्यता त्याच्यापेक्षा त्याच्या पत्नीलाच अधिक अस्वस्थ करी. तिच्या लग्नाला अजून वर्षही झाले नव्हते, पण त्या पेढीवर बसणाऱ्या आपल्या भावांना ती जन्मापासून ओळखत होती.

मेळाव्याची तयारी यथासांग झाली. जोशीबुवांनी व्यापाऱ्याची पत्रिका पाहून सकाळचा मुहूर्त काढला. पेठेतले मंगल कार्यालय घेतले. गालिचे अंथरले, गुलाबपाणी शिंपडले, केशरी दूध आटवले. पत्नी सारे पाहत होती. नव्या सुनेने विचारायचे प्रश्न थोडेच असतात. तिने एकच विचारला.

"सकाळी विणकर येतील ना?"

"मुहूर्त उत्तम आहे," व्यापारी म्हणाला. हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे तिच्या ध्यानात आले.

मुहूर्तावर जोशीबुवा आले, व्यापाऱ्याचे सगळे काका आले, आणि दुधाचा वास जिथवर पोहोचला तिथवरचे सज्जन आले. विणकर मात्र एकही आला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी व्यापारी पत्नीला घेऊन आपल्या गुरूंकडे गेला. गुरू म्हणजे एक वृद्ध कापडव्यापारी. त्यांच्याच दुकानात तो गज हाती धरायला शिकला होता. सारे गाव त्यांना आबा म्हणे.

"आबा, या लोकांना किंमतच नाही कशाची. घरोघर जाऊन बोलावलं होतं मी."

"दूध उरलं का रे?"

"उरलं."

"मग वाटीभर इकडे पाठवायचं होतंस." मग आबा म्हणाले, "मेळावा पुन्हा भरव. पण दिवस आणि जागा मी सांगेन. आणि का, ते आधी विचारायचं नाही."

"सांगा."

"येत्या अमावस्येला, दुपारी. विणकर आळीमागच्या माळावर."

हा माळ पाजणीचा. ताणलेल्या ताण्याला, म्हणजे मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांना, खळ लावून तिथे उन्हात वाळवीत. खुंट्यांखेरीज तिथे काही नव्हते. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

"अमावस्येला, आबा? त्या दिवशी कुणी नवी चप्पलसुद्धा घालत नाही."

"तू जुनी घालून ये."

पत्नीला हसू आले. ते तिने पदराआड लपवले.

अमावस्येला काकांपैकी कुणी फिरकले नाही. व्यापाऱ्याने सुताचे गठ्ठे हातगाडीवर घालून स्वतः ओढले, पत्नीने माळावर साधी चादर पसरली. आबा येऊन कडेला बसले. दुपार कलली तसे आळीतून विणकर येऊ लागले. अंघोळी झालेल्या, तोंडात पान, कुणाला कसली घाई नाही. सिद्राम नावाच्या वयस्क विणकराने एक लड उचलली, धागा ओढून पाहिला, उन्हात धरला.

"शेट, खळ पितंय का हे?"

"बघा की लावून."

सिद्रामने घरून खळ आणवली आणि तिथल्याच खुंट्यांना थोडे धागे ताणले. मग त्या धाग्यांभोवती कोंडाळे जमले. कुणी चिमटीत धरून पाही, कुणी नावे ठेवी, कुणी त्या नावे ठेवणाऱ्याचा माग किती जुना आहे ते काढी. व्यापारी बोलायला गेला, तेव्हा आबांनी त्याला हाताने खाली बसवले. धागे वाळले. सिद्रामने एक झटका दिला. धागा तुटला नाही.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"दाखवायलाच बोलावलं होतं की, कार्यालयात."

"ते होय. पाजण उरकून आलतो मी पायरीपर्यंत. गालिचा बघितला, माझे पाय बघितले, मागं फिरलो."

ऊन उतरेपर्यंत चादरीवर एकही लड उरली नाही, आणि आणखी सूत कधी येणार, असे लोक विचारू लागले.

माळ रिकामा झाल्यावर आबा बोलले. "त्या दिवशी तू मुहूर्त कुणाचा पाहिलास? स्वतःचा. या आळीत सकाळी रोज कुणाची ना कुणाची पाजण असते, आणि एकाची पाजण म्हणजे साऱ्या आळीचे हात. ओला ताणा सोडून कोण येईल? पाजण झाली की माग. अमावस्येला मात्र इथे मागावर कुणी बसत नाही. तुझ्या लेखी तो दिवस वर्ज्य, त्यांच्या लेखी मोकळा. बोलावणाऱ्याने आपली पत्रिका घरी ठेवावी आणि येणाऱ्याचा दिवस पाहावा. आणि जागा अशी निवडावी, की तिथे त्याला अंग चोरावं लागू नये आणि माल त्याच्या रीतीने पारखता यावा."

व्यापाऱ्याने हात जोडले. "समजलं, आबा. यापुढे प्रत्येक मेळावा अमावस्येलाच."

आबांनी कपाळाला हात लावला. "पुढचा मेळावा कुणासाठी?"

"साड्यांच्या दुकानदारांसाठी."

पत्नीने चादर झटकली, तिची घडी घातली आणि हळूच म्हणाली, "त्यांना सवड कधी असते, ते आधी बघायला हवं ना?"

व्यापाऱ्याने रिकामी हातगाडी ओढायला घेतली. माळावरून परतताना आळी संपली तिथे त्याने विचारले, "उद्या पेठेत येशील माझ्याबरोबर? नुसतं बसू, काही विकायचं नाही."

"येईन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या लोकांनी पाहिले, की सूतव्यापारी आणि त्याची नवी नवरी पाराच्या कडेला बसून आहेत, आणि कुठल्या दुकानातली गर्दी केव्हा ओसरते, एवढेच निरखीत आहेत. ज्याला चार माणसे बोलवायची आहेत, त्याने आधी त्या चौघांच्या दारात थोडा वेळ असे बसून यावे.