नाकेदाराचे अश्रू

शेजारच्या राजाने चंदनगडची गलबतं पळवली, म्हणून चंदनगडच्या राजाने त्याच्या सगळ्या मालावर बंदी घातली. रायाजी नाकेदार मिशांना पीळ देत म्हणाला, "माझ्या नाक्यावरून मुंगीही शिरणार नाही!"

तरी राजाच्या विड्यात शेजारचाच वेलदोडा!

"लाच कोण खातंय, ते कळावं कसं?" राजाने विचारलं.

राणी कमळजा हसली. "बंदी उठवल्याची दवंडी पिटवा."

दवंडी ऐकताच व्यापाऱ्यांनी साखर वाटली. रायाजी मात्र धावत दरबारात आला आणि राजाच्या पायांवर कोसळून ढसाढसा रडला. "महाराज, बंदी उठवू नका! राज्याच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

राणी म्हणाली, "नाकेदार, पहारा संपला की पहारेकरी निवांत झोपतो. रडतो तो, ज्याचं दुकान बंद होतं."

राजाने बंदी ठेवली, नाकेदार तेवढा उठवला.