राहीमामाची बांगडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मोरघळ गावाला तेव्हा घाटातून गाडीरस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, आणि त्या पायवाटेने डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन राही कासारीण वर यायची. तिच्या हातून कधी काच फुटली नाही, असं म्हणतात. शेणामातीत राबून हात कितीही राठ झालेला असो, राही तो आपल्या बोटांत धरून असा काही चेपायची की बाईला कळायच्या आत चुडा मनगटावर चढलेला असायचा.

मोरघळची एक रीत होती. बाळाच्या तोंडात धान्याचा पहिला घास मामानेच घालायचा, आणि तोही चांदीच्या वाटीतून. वाटी मामाने आणायची. ही रीत कोणी घातली ते मला विचारू नका, ज्याच्या घरात चांदी होती त्यानेच घातली असणार. घाटाखालच्या गरीब भावांकडे चांदी कुठून येणार? ते लाजेने यायचेच नाहीत. आणि मामा येत नाही तोवर लेकरू आईच्या दुधावर. म्हणून मोरघळची पोरं वर्षाची झाली तरी बसवली की कलंडायची.

गोजराचा भिवा दहा महिन्यांचा झाला होता. तिचा भाऊ सटवा खाली मिठागरात राबायचा, त्याचा निरोप नाही की पत्ता नाही. इकडे गोजराचं दूध आटत चाललेलं. ती भाकरी मोडायला लागली की भिवाची नजर तिच्या हाताबरोबर ताटातून तोंडापर्यंत जायची, आणि तिचं तोंड हललं की त्याचंही हलायचं. गोजराला घास गिळवत नसे. एकदा तिने पेजेत बोट बुडवलं, तर सासूने मनगट धरलं. सासू दुष्ट नव्हती बरं का. रीत मोडली तर पोर हाती लागणार नाही, अशी तिला खरोखर भीती वाटत होती.

अशात राही गावात आली. गोजराने हात पुढे केला, तर मागच्या खेपेच्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. राहीने तिच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या भिवाकडे पाहिलं, आणि काय झालं ते विचारलं. गोजराने रडत रडत सगळं सांगितलं. राहीने टोपली बाजूला सारली आणि सासूला म्हणाली की मूठभर तांदूळ चांगला मऊ शिजवा.

"मामा कुठाय?" सासूने विचारलं.

राही म्हणाली, "हिच्या डोहाळजेवणाला भावाच्या नावाचा चुडा कुणी भरला? मीच ना? तवा मी भाऊ चालले, मग आता का नको?"

अंगणात बाया जमल्या होत्या. सासू त्यांच्याकडे पाहून पुन्हा राहीकडे वळली.

"आन् पोराला काही झालं तर?"

"तर मोरघळच्या एकाही बाईनं पुन्हा माझ्या हातात हात देऊ नये."

कासारणीने यापेक्षा मोठं काय पणाला लावायचं? सासूने चूल पेटवली. तरीही शेवटी पोर गोजराचं होतं. तिने भिवाला उचललं आणि राहीच्या मांडीवर बसवलं.

चांदीची वाटी नव्हती, म्हणून राहीने भात आपल्या तळहातावर घेतला. काच न फोडणाऱ्या त्याच बोटांनी तो कुस्करला, एकही शीत अख्खं राहू दिलं नाही, वर तुपाचा थेंब सोडला आणि बोटाच्या टोकावर एवढासा घेऊन भिवाच्या ओठांना लावला. भिवाने तो जिभेने बाहेर ढकलला. सासूने डोळे मिटले.

"नवं हाय त्याला," राही म्हणाली. "दमानं घेऊ."

दुसऱ्यांदा भिवाने घास तोंडात घोळवला, गिळला, आणि राहीचं बोट दोन्ही मुठींत गच्च धरलं. त्या क्षणी एकही हात हलला नसताना गावातल्या सगळ्या बायांच्या बांगड्या एकदम किणकिणल्या, असं म्हणतात. मग घराघरातून आया आपापली लेकरं घेऊन धावल्या. राहीच्या तळहातावरचा तो मूठभर भात दिवस मावळेपर्यंत पुरला, असंही म्हणतात.

ती किणकिण घाट उतरून मिठागरापर्यंत गेली आणि सटवा हातातलं काम टाकून धावत सुटला. तो पोचला तेव्हा शेवटचं लेकरू जेवत होतं. अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. गोजराने बोलावलं, तरी पुढे येईना.

"रिकाम्या हातानं आलोय गं," तो म्हणाला.

राही उठली. "माझ्यासमोर कुणाचा हात रिकामा राहत न्हाई," असं म्हणून तिने मिठाने फुटलेला त्याचा तो रुंद पंजा धरला, चेपला, आणि एका पोरीच्या मापाची हिरवी बांगडी त्यावरून सरकन मनगटात चढवली. काच फुटली नाही. मग तिने उरलेला भात त्याच्या तळहातावर ठेवला. सटवाने भिवाला घास भरवला आणि लहान मुलासारखा रडला.

मोरघळला उष्टावण असलं की आजही चांदीची वाटी कोणी काढत नाही. मामा येतो, पाटावर बसतो, बाळाची आई त्याच्या मनगटात एक हिरवी बांगडी भरते आणि मगच तो तळहातावर भात घेतो. मामा मिशीला पीळ देणारा पैलवान असला तरी सुटका नाही. बाहेरगावी भित्र्या माणसाला बांगड्या भर म्हणून हिणवतात, मोरघळला तसं बोललेलं खपत नाही. आणि ज्या बाळाला मामाच नाही, त्याच्यासाठी अंगणातून जो हात आधी पुढे येईल तो मामा. तो हात बाईचा असला तर गाव अधिकच खूश होतं, आणि त्या दिवसापुरतं सगळे तिला राहीमामा म्हणतात.