नंतर बघू म्हणणारा राजा

एका राज्यात सौम्यसेन नावाचा राजा होता. शूर होता, दानी होता, पण भारी भिडस्त होता. वाघाशी झुंजलेला हा माणूस सुताराशी मजुरी ठरवायची म्हटली की घामाघूम होई.

त्याने लाडक्या लेकीसाठी, राजकन्या तरंगिणीसाठी, महाल बांधायचे काम धूम्रजट नावाच्या मायावी कारागिराला दिले. कारागिराने विचारले, "महाराज, मोबदला?" राजा हसून म्हणाला, "तुम्ही काय परके आहात? नंतर बघू." झाले! एवढीच काय ती चूक. चाळीस दिवसांत बारा खिडक्यांचा महाल उभा राहिला. राजकन्या आत राहायला गेली आणि धूम्रजट अंगणात आला.

"नंतर बघू म्हणाला होतात. आता मी बघतो. नजर पडेल ते माझे."

त्याने मान वर करून खिडकीतल्या राजकन्येकडे बघितले. राजाने तलवार उपसली. मायावी म्हणाला, "न ठरलेल्या मोबदल्यात ती अडकली. रोज सूर्यास्ताला एक खिडकी बुजेल. बारावी बुजली की ती शिळा होईल." बोलता बोलता महालाचे दार भिंत झाले आणि मायावी धूर होऊन गेला.

राजाने घण घातले, हत्ती लावले. भिंतीचा टवका उडाला नाही. नऊ खिडक्या बुजल्या. तेव्हा त्याने दवंडी पिटवली, की महाल दुरुस्त करू शकेल त्याने यावे आणि आपली अट सांगावी. राजाच्या खांद्यावर एक साळुंकी बसे. लोकांनी मनात ठेवलेले तिला ऐकू येई, आणि ऐकलेले पोटात ठेवणे तिला जमत नसे.

पहिल्या दिवशी कनकबाहू यक्ष आला. "पापणी लवेपर्यंत दार उघडतो."

राजा इतका खूश झाला, की पुढचे विचारायचे टाळणारच होता. खिडकीतून राजकन्या ओरडली, "बाबा, विचारा!"

राजाने कसेबसे विचारले, "काय घेणार?"

"तुमच्या मनाला येईल ते."

"म्हणजे मनच घेणार," साळुंकी म्हणाली. "लेक बाहेर येईल, पण तिला ओळखायला महाराज शुद्धीवर नसतील."

यक्षाला नारळ दिला. त्या संध्याकाळी दहावी खिडकी बुजली.

दुसऱ्या दिवशी खडकासुर आला. "तीन प्रहर लागतील. एक गाव, एक तळे, वगैरे."

या खेपेला राजाने स्वतःच विचारले. "वगैरेमध्ये काय येते?"

असुर पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. साळुंकी म्हणाली, "सहा भाऊ येतात आणि त्यांची भूक येते." असुरालाही नारळ मिळाला. अकरावी खिडकी बुजली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोलाजी गवंडी आला. जादू नाही, मंत्र नाही. हातात थापी आणि ओळंबा. त्याने भिंतीवर तीनदा ठोकले, कान लावला आणि मग बोलला.

"दाराला दोन दिवस लागतील. चुना चाळीस पाट्या. धूळ लई उडंल, खोकला येईल. चौकटीला तुमच्या सिंहासनाचं सागवान पायजे, दुसरं टिकायचं न्हाई. मला एक दुभती गाय. आन् आधीच्या कारागिराची मजुरी ऱ्हायलीय, ती पयली द्या. त्याबिगर भिंत ऐकायची न्हाई."

प्रधान कळवळला, "महाराज, हा तर सर्वांत महाग!"

राजाने साळुंकीकडे पाहिले. ती म्हणाली, "याच्या मनात काहीच उरलेले नाही. सगळे बोलून टाकले."

"काम तुमचे," राजा म्हणाला. "पण दोन दिवस नाहीत. आजचा सूर्यास्त."

"मंग चुना मळायला माणूस द्या."

राजाने मुकुट प्रधानाच्या हाती दिला आणि धोतर खोचले. "दिला."

आधी त्याने धूम्रजटाला तीन हाका मारल्या. धुरातून मायावी उभा राहिला. राजा घामाघूम झाला होता, तरी तो बोलला. "ते 'नंतर' आज आले. चाळीस दिवस राबलात. चाळीस पोती धान्य आणि एक शालजोडी. मंजूर?"

"हा मनात म्हणतोय, पहिल्या दिवशी वीसच पोती पुरली असती," साळुंकी म्हणाली. "कुणी आकडा काढलाच नाही."

धूम्रजटाने मान खाली घातली. "मंजूर. माझा हक्क सरला, भिंत मऊ झाली. पण सुटलेला शाप मलाही आवरत नाही. सूर्यास्ताआधी दार झाले, तर त्याच वाटेने तो निघून जाईल."

मग काय विचारता! सिंहासनावर करवत चालली. राजाने घोट्यापर्यंत चुना तुडवला, सांगितल्याप्रमाणे धूळ उडाली आणि सांगितल्याप्रमाणे राजा खोकला. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा चौकट उभी राहिली. बारावी खिडकी अर्धी बुजली होती. तोलाजीने ओळंबा सोडला, दोरी थरथरली, सरळ झाली. "ढकला!"

राजाने खांदा लावला. दार उघडले. आतून काळा वारा सुसाट निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग धुळीने पांढरी झालेली तरंगिणी बापाच्या गळ्यात पडली. बाराही खिडक्या एकदम उघडल्या. नगारे झडले. राजा इतका रडला, की चेहऱ्यावरच्या चुन्याला ओघळ पडले.

तोलाजी थापी धूत होता. राजाने स्वतः गोठ्यातून गाय आणली, तसा तो बिचारा संकोचला. "ऱ्हाऊ द्या म्हाराज. तुमी काय परके हाय? गाईचं नंतर ब—"

साळुंकी किंचाळली. प्रधानाच्या हातून मुकुट पडला. राजाने झडप घालून चुन्याने माखलेला हात तोलाजीच्या तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने गाईचे दावे त्याच्या मुठीत कोंबले.

"आत्ता," राजा म्हणाला. "वासरासकट."